छायाचित्र संपादनासाठी मर्यादित खर्चात मदरबोर्ड कसा निवडावा?

धागाकर्ता

नमस्कार. गेली सहा वर्षे मी कीटकांची मॅक्रो छायाचित्रे काढत आहे. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे आणि सगळी छायाचित्रे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ, स्वरूपात घेतो. मॅक्रोमध्ये एका छायाचित्रात कीटकाच्या अंगाचा जेमतेम केसाएवढा पट्टा स्पष्ट येतो. त्यामुळे फोकस किंचित पुढे सरकवत एकाच कीटकाची २० ते ४० छायाचित्रे घ्यावी लागतात आणि नंतर ती संगणकावर एकावर एक रचून, डोळ्यांपासून पंखांच्या टोकापर्यंत स्पष्ट असलेले एकच चित्र तयार करावे लागते. हे रचण्याचे काम सुरू केले की माझा संगणक गुडघे टेकतो. पडदा पांढरट होतो, माउसचा बाण अडकत अडकत हलतो आणि हार्ड डिस्कची खरखर थांबतच नाही.

सध्या इंटेलचा चौथ्या पिढीचा कोअर आय५ प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा (बोर्डावरचे भाग एकमेकांशी जोडणाऱ्या मुख्य चिपचा) मदरबोर्ड, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. मदरबोर्ड बदलल्याशिवाय गत्यंतर नाही, असे मला सांगण्यात आले आणि झेड मालिकेतल्या चिपसेटचा एक महागडा बोर्ड सुचवण्यात आला. तो घेतला तर ठरवलेल्या रकमेपैकी जवळजवळ निम्मी रक्कम बोर्डावरच संपते. संपादन सुरळीत व्हावे यासाठी मदरबोर्डात नेमके काय पाहावे आणि कशावर खर्च टाळला तरी चालेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

मदरबोर्ड बदलला की संपादनाचा वेग वाढतो, हा समज आधी मनातून काढून टाकावा. तोच प्रोसेसर, तीच रॅम आणि तीच एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान, चिपवरची साठवण) एकदा साध्या बोर्डावर आणि एकदा त्याच्या तिप्पट किमतीच्या बोर्डावर बसवून पाहिली, तर शंभर रॉ फाइली एक्स्पोर्ट व्हायला दोन्हीकडे जवळपास सारखाच वेळ लागतो. साध्या बोर्डाचा वीजपुरवठा त्या प्रोसेसरला पुरत नसेल, तरच फरक पडतो. कोणता प्रोसेसर बसेल, रॅम किती आणि कोणत्या प्रकारची बसेल, एसएसडी किती जोडता येतील आणि कार्ड रीडरसाठी वेगवान पोर्ट मिळेल की नाही, या गोष्टी मात्र बोर्डावर ठरतात आणि त्या पुढची अनेक वर्षे बदलता येत नाहीत.

म्हणून निवड उलट्या दिशेने करावी, असे माझे मत आहे. आधी काम पाहावे, मग त्या कामाला किती रॅम आणि किती साठवण लागते ते ठरवावे, त्यानंतर प्रोसेसर निवडावा आणि हे सगळे ज्यावर नीट बसेल असा, कमीत कमी किमतीचा पण भरवशाचा बोर्ड अगदी शेवटी पाहावा. झेड मालिकेतल्या चिपसेटसाठी जास्तीचे पैसे मोजावे लागतात ते मुख्यतः प्रोसेसर ओव्हरक्लॉक करण्याच्या, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्याच्या, सोयीसाठी. रात्रभर एक्स्पोर्ट चालू ठेवणाऱ्या माणसाला स्थिर संगणक हवा असतो, त्यामुळे ती सोय तुमच्या उपयोगाची नाही.

काही विकत घेण्याआधी एक तपासणी मात्र नक्की करा. छायाचित्रे रचण्याचे काम सुरू करा आणि त्याच वेळी टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांपैकी काय काठोकाठ भरले आहे ते पाहा. मेमरीच्या पानावर खाली रॅमचा वेग आणि किती स्लॉट वापरात आहेत हेही दिसते. तो आकडाही इथे लिहा.

धागाकर्ता

तुम्ही सांगितल्याप्रमाणे ३२ छायाचित्रांचा एक संच रचायला घेतला आणि टास्क मॅनेजर शेजारी उघडा ठेवला. दोन मिनिटांतच मेमरी ९६ टक्क्यांवर गेली आणि तिथेच राहिली. डिस्क सतत १०० टक्के दिसत होती. प्रोसेसर मात्र २० ते २५ टक्क्यांच्या वर क्वचितच गेला, याचे मला फार आश्चर्य वाटले, कारण प्रोसेसर जुना झाला म्हणून काम अडते अशीच माझी समजूत होती. स्लॉटच्या ओळीत ‘दोनपैकी एक’ असे दिसते, म्हणजे ८ जीबीची एकच स्टिक आहे.

प्रतिसाद २

तुमच्या आकड्यांवरून दुखणे स्पष्ट होते. थोडे गणित मांडतो, म्हणजे नव्या बोर्डावर किती रॅम बसायला हवी हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही.

तुमच्या छायाचित्रात २ कोटी ४० लाख पिक्सेल आहेत. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग असतात आणि १६ बिटमध्ये काम करताना प्रत्येक रंगाला २ बाइट लागतात. म्हणजे एका छायाचित्राचा एक लेयर मेमरीत १४४ एमबी जागा घेतो. डिस्कवरची रॉ फाइल ३० एमबीची असली तरी उघडल्यावर तिचे आकारमान इतके होते. ३२ छायाचित्रांचे ३२ लेयर धरले तर ४,६०८ एमबी, म्हणजे साडेचार जीबीहून अधिक जागा नुसत्या लेयरना लागते. त्यानंतर सॉफ्टवेअर प्रत्येक लेयर बाजूच्या लेयरशी जुळवून घेते, त्यासाठी तात्पुरत्या प्रती करते, प्रत्येकावर मास्क तयार करते आणि मागे जाता यावे म्हणून आधीच्या अवस्थाही सांभाळते. यात ऑपरेटिंग सिस्टिमची आणि उघड्या ब्राउझरची जागा मिळवली की ८ जीबी रॅम कधीच संपते. मग उरलेले सगळे हार्ड डिस्कवर लिहिले जाते, पुन्हा वाचले जाते, पुन्हा लिहिले जाते, आणि तुम्हाला ऐकू येणारी खरखर त्याचीच असते. प्रोसेसर बिचारा डिस्ककडून माहिती येण्याची वाट पाहत बसलेला असतो, म्हणून तो २५ टक्क्यांवर दिसतो.

तुमच्या कामाला ३२ जीबी रॅम पुरेल. पुढे ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतलात तर एक लेयर २७० एमबीचा होईल आणि ४० छायाचित्रांचा संच ११ जीबीच्या आसपास जाईल, तेव्हा ६४ जीबीपर्यंत जाण्याची वाट मोकळी असलेली बरी. तुमच्या एच८१ बोर्डावर डीडीआर३ प्रकारची रॅम जास्तीत जास्त १६ जीबी बसते आणि त्यावर एनव्हीएमई, म्हणजे सर्वांत वेगवान प्रकारच्या, एसएसडीसाठी एम.२ स्लॉट (बोर्डावरची पातळ पट्टीसारखी एसएसडी बसवण्याची खाच) नसतो. शिवाय विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. त्यामुळे बोर्ड बदलण्याचा निष्कर्ष बरोबर आहे, फक्त त्यामागचे जे कारण तुम्हाला सांगितले गेले ते चुकीचे होते.

प्रतिसाद ३

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे. मी बरीच वर्षे संगणक असेंबल करत आलो आहे, त्यामुळे आता कोणत्या सॉकेटकडे (बोर्डावरच्या प्रोसेसर बसवण्याच्या जागेच्या प्रकाराकडे) जावे याबद्दल लिहितो.

तुमची डीडीआर३ रॅम नव्या बोर्डावर चालणार नाही, म्हणजे बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम या तिन्ही वस्तू एकदमच घ्याव्या लागतील. अशा वेळी विचारात घेण्यासारखे तीन पर्याय आहेत. पहिला एएमडीचा एएम४ सॉकेट, ज्यावर डीडीआर४ रॅम लागते. दुसरा इंटेलचा एलजीए १७००, ज्यावर १२, १३ आणि १४ या पिढ्यांचे प्रोसेसर बसतात आणि बोर्डाप्रमाणे डीडीआर४ किंवा डीडीआर५ रॅम लागते. एकाच नावाचा बोर्ड दोन्ही प्रकारांत निघालेला असतो, त्यामुळे घेताना नावाच्या शेवटची अक्षरे नीट वाचावीत. डीडीआर४ आणि डीडीआर५ स्टिकची खाच वेगवेगळ्या जागी असते आणि एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. तिसरा एएमडीचा एएम५, जो २०२२ मध्ये आला आणि ज्यावर फक्त डीडीआर५ चालते. इंटेलचा त्यानंतरचा एलजीए १८५१ सॉकेट २०२४ मध्ये आला, पण मर्यादित खर्चात तिकडे जाण्याचे मला तरी कारण दिसत नाही.

चिपसेटबद्दल माझे मत ठाम आहे: सर्वांत खालची पायरी टाळावी आणि मधल्या पायरीवर थांबावे. इंटेलमध्ये एच६१० ऐवजी बी६६० किंवा बी७६०, एएम४ मध्ये ए५२० ऐवजी बी५५०, एएम५ मध्ये बी६५०. एच६१० वर रॅमचे दोनच स्लॉट असतात, प्रोसेसरला थेट जोडलेला वेगवान एम.२ स्लॉट मिळत नाही आणि रॅम तिच्या छापील वाढीव वेगाने चालवण्याची मुभाही नसते. ए५२० वर पीसीआय एक्स्प्रेसची (ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी ज्या मार्गाने बोर्डाला जोडतात त्याची) तिसरीच पिढी मिळते. त्या मानाने बी५५० वर ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट आणि पहिला एम.२ स्लॉट चौथ्या पिढीचे असतात. खालच्या आणि मधल्या पायरीच्या किमतींत जो फरक असतो तो सत्कारणी लागतो. मधल्या आणि वरच्या पायरीतल्या फरकाबद्दल मला तसे म्हणता येणार नाही.

प्रतिसाद ४

प्रतिसाद ३ मधील माहिती अचूक आहे, पण एका मुद्द्यावर माझा वेगळा अनुभव मांडतो. एएम४ ला जुना म्हणून बाजूला सारू नये. रायझन ५ ५६०० हा सहा कोअर आणि बारा थ्रेडचा प्रोसेसर, बी५५० चा मायक्रो-एटीएक्स (लहान आकाराचा) बोर्ड आणि ३२ जीबी डीडीआर४ या जोडणीवर मी गेली तीन वर्षे पॅनोरमा जोडतो आहे आणि आठ-दहा छायाचित्रांची जोडणी करताना तो कधी अडखळलेला नाही. वाचलेल्या पैशांतून मी चांगला मॉनिटर घेतला. संपादनात रंग खरे दिसणे हे वेगापेक्षाही महत्त्वाचे आहे, असे मला मनापासून वाटते.

फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. रायझन ५ ५६०० मध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही, त्यामुळे वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावेच लागते. बोर्डाच्या मागे एचडीएमआय पोर्ट असला तरी तो अशा प्रोसेसरबरोबर मुका राहतो. नावात जी असलेल्या ५६००जी मध्ये ग्राफिक्स असते, पण तो पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीपुरताच मर्यादित आहे, म्हणजे बोर्ड बी५५० असूनही एसएसडी चौथ्या पिढीच्या वेगाने चालत नाही. व्यवहारात हा तोटा फारसा जाणवत नाही, कारण साडेतीन हजार एमबी प्रतिसेकंद वेग रॉ फाइलींना भरपूर होतो.

प्रतिसाद ३

तुमचा मुद्दा मान्य आहे. ज्याच्याकडे आधीच डीडीआर४ रॅम आणि एखादे ग्राफिक्स कार्ड आहे, त्याला मीही एएम४ च सुचवीन. धागाकर्त्यांकडे या दोन्ही गोष्टी नाहीत, म्हणून मी एएम५ कडे झुकतो. रायझन ५ ७६०० मध्ये साधे अंगभूत ग्राफिक्स असते, त्यामुळे कार्डाचा खर्च पुढे ढकलता येतो, आणि एएम५ सॉकेटवर निदान २०२७ पर्यंत नवे प्रोसेसर आणण्याचे एएमडीने जाहीर केलेले आहे. चार-पाच वर्षांनी बोर्ड तोच ठेवून फक्त प्रोसेसर बदलता येण्याची शक्यता या सॉकेटवर अधिक आहे.

प्रतिसाद ५

बोर्डाच्या वीजपुरवठ्याबद्दल पहिल्या प्रतिसादात एक ओझरता उल्लेख आला आहे. त्यावर मला सविस्तर लिहायचे आहे, कारण त्याची किंमत मी मोजलेली आहे.

प्रोसेसरच्या सॉकेटभोवती चौकोनी काळ्या कॉइलींची जी रांग दिसते आणि तिच्या शेजारी मॉस्फेट (वीज नियंत्रित करणारे छोटे भाग) असतात, त्यांना मिळून व्हीआरएम म्हणतात. एसएमपीएसकडून (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याकडून) येणारा १२ व्होल्टचा पुरवठा प्रोसेसरला लागणाऱ्या एक-सव्वा व्होल्टपर्यंत उतरवण्याचे काम ही रांग करते आणि ते करताना तापते. मी बारा कोअरचा प्रोसेसर एका अगदी स्वस्त बोर्डावर बसवला होता. त्याच्या मॉस्फेटवर हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) नव्हता. रोजच्या कामात काहीच जाणवले नाही. एकदा एका समारंभाची आठशे छायाचित्रे एक्स्पोर्टला लावली. पहिली दहा मिनिटे प्रोसेसर पूर्ण वेगाने चालला आणि मग त्याचा वेग एकदम जवळजवळ निम्म्यावर आला. मी आधी प्रोसेसरच्या कूलरला दोष दिला, त्याची थर्मल पेस्ट बदलली, तरी फरक पडेना. शेवटी तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या ओळी वाचल्या तेव्हा कळले की प्रोसेसर ७० अंशांवर निवांत आहे आणि व्हीआरएम मात्र १०० अंशांच्या वर गेले आहे. बोर्डाने स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग कमी केला होता. कॅबिनेटचे झाकण काढून त्या कोपऱ्यावर टेबलफॅनचा झोत सोडला आणि वेग परत आला, पण छायाचित्रे वेळेवर देण्याची मुदत तोवर टळून गेली होती.

संपादन करताना माणूस विचार करायला थांबतो, तेव्हा प्रोसेसरलाही उसंत मिळते. एक्स्पोर्ट आणि छायाचित्रे रचणे ही कामे मात्र सलग चालतात आणि कच्चे व्हीआरएम तिथेच उघडे पडते. एएमडीचे ६५ वॅट छापलेले डेस्कटॉप प्रोसेसर प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत वीज घेतात, तर १०५ वॅटचे १४२ वॅटपर्यंत. इंटेलमध्ये तफावत आणखी मोठी असते: कोअर आय५-१२४०० ची मूळ वॅट संख्या ६५ असली तरी कमाल ११७ आहे, आय५-१३४०० ची १४८, आणि आय७-१३७०० ची २१९. म्हणून प्रोसेसरच्या खोक्यावरचा ६५ हा आकडा पाहून बोर्ड निवडू नये. तुम्ही सहा कोअरचा रायझन घेणार असाल तर मॉस्फेटवर हीटसिंक असलेला कोणताही मधल्या पायरीचा बोर्ड पुरे आहे. पुढे जास्त कोअरचा प्रोसेसर बसवायचा विचार असेल, तर सॉकेटच्या दोन्ही बाजूंना हीटसिंक असलेला बोर्ड पाहा.

धागाकर्ता

इतक्या आपुलकीने लिहिल्याबद्दल सर्वांचे आभार. एएम५ आणि रायझन ५ ७६०० वर मन स्थिरावते आहे. आता दोन बोर्ड समोर आहेत. दोन्ही बी६५० चे आणि मायक्रो-एटीएक्स आहेत. एकावर रॅमचे दोन स्लॉट आणि एक एम.२ आहे. दुसरा थोडा महाग आहे, पण त्यावर चार स्लॉट आणि दोन एम.२ आहेत. आधी १६ जीबीच्या दोन स्टिक घ्यायच्या आणि नंतर तशाच आणखी दोन लावून ६४ करायचे, या विचाराने मी दुसऱ्याकडे वळतो आहे. हे बरोबर आहे का?

प्रतिसाद २

बोर्ड दुसराच घ्या, पण त्याचे कारण वेगळे आहे. डीडीआर५ वर चारही स्लॉट भरले की मेमरी कंट्रोलरवर ताण येतो आणि वेग खाली आणावा लागतो. रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीने दिलेला अधिकृत वेग दोन स्टिक असताना ५२०० आहे आणि चार असताना ३६००. शिवाय वर्षा-दोन वर्षांनी घेतलेल्या स्टिक आधीच्या जोडीशी जुळतीलच असे नाही. नाव तेच असले तरी आतल्या चिप बदललेल्या असतात आणि मग संगणक अधूनमधून विनाकारण बंद पडतो. ६४ जीबी करायचे झाले की ३२ जीबीच्या दोन स्टिक घ्याव्यात आणि जुनी जोडी विकून टाकावी, हे अधिक शहाणपणाचे. म्हणजे रॅमसाठी खरे तर दोन स्लॉटही पुरेसे आहेत.

दुसरा एम.२ स्लॉट मात्र तुम्हाला हवाच. एका एसएसडीवर विंडोज आणि सॉफ्टवेअर ठेवावे, दुसरीवर कॅटलॉग, प्रीव्ह्यू, स्क्रॅच डिस्क (सॉफ्टवेअर तात्पुरती माहिती लिहिते ती जागा) आणि चालू कामाच्या रॉ फाइली ठेवाव्यात. काम संपलेली छायाचित्रे जुन्या हार्ड डिस्कवर हलवावीत. साठवणीसाठी ती अजूनही उपयोगी आहे, फक्त तिच्यावरून थेट संपादन करू नये. आज एकच एसएसडी घेतलीत तरी चालेल, पण स्लॉट मोकळा असू द्या.

बोर्ड घेण्याआधी त्याचे मॅन्युअल उतरवून एम.२ च्या तक्त्याखालच्या बारीक अक्षरातल्या टिपा वाचा. अनेक बोर्डांवर दुसऱ्या एम.२ मध्ये एसएसडी बसवली की एक-दोन साटा पोर्ट (हार्ड डिस्क जोडण्याची जागा) बंद होतात, किंवा तो स्लॉट पहिल्यापेक्षा कमी लेनवर (माहितीच्या कमी मार्गिकांवर) चालतो. दोन जुन्या हार्ड डिस्क जोडायच्या असतील तर हे आधी कळलेले बरे. एम.२ आकाराच्या सगळ्याच एसएसडी एनव्हीएमई नसतात, हेही पाहा. साटा प्रकारची एसएसडी साधारण ५५० एमबी प्रतिसेकंदापलीकडे जात नाही. पाचव्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेससाठी मात्र एक पैसाही जास्त देऊ नका.

प्रतिसाद ६

कार्ड रीडरचा विषय राहिला म्हणून थोडक्यात लिहिते. मी पक्ष्यांची छायाचित्रे काढते आणि एका सकाळी ६४ जीबीचे कार्ड सहज भरते. यूएसबी २.० च्या पोर्टवर प्रत्यक्षात ३५ ते ४० एमबी प्रतिसेकंद वेग मिळतो, म्हणजे ते कार्ड रिकामे व्हायला २७ मिनिटे लागतात. तेच यूएचएस-१ (कार्डाच्या वेगाचा एक वर्ग) कार्ड ५ गिगाबिटच्या पोर्टवर ९० एमबी प्रतिसेकंदाने वाचले जाते आणि १२ मिनिटांत काम होते. यूएचएस-२ कार्ड असेल तर फरक आणखी वाढतो. बोर्डाच्या मागे निदान चार वेगवान यूएसबी पोर्ट आहेत का, आणि कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टसाठी १९ पिनांचा हेडर (बोर्डावरची केबल लावण्याची जागा) आहे का, हे पाहून घ्या. माझ्या पहिल्या बोर्डाला तो हेडर होता, पण जोडणाऱ्याने केबल लावलीच नव्हती. पुढचा निळा पोर्ट चालत नाही म्हणून वर्षभर मी यूएसबी २.० च्या पोर्टवरच कार्ड रिकामी करत होते.

प्रतिसाद ४

मॉनिटरबद्दल एक भर घालतो. वेगळे कार्ड न घेता बोर्डाच्याच पोर्टवर ४के मॉनिटर लावणार असाल तर बोर्डावरचा एचडीएमआय कोणत्या आवृत्तीचा आहे ते वाचा. १.४ असेल तर ४के वर सेकंदाला ३० च फ्रेम मिळतात आणि छायाचित्र मोठे करून सरकवताना तो अडखळलेपणा डोळ्यांना त्रास देतो. २.० किंवा त्यापुढचा एचडीएमआय अथवा डिस्प्लेपोर्ट असला तर ६० मिळतात. पुढे कार्ड घ्यायचे की नाही हे तुमच्या कामावर आहे. लाइटरूममध्ये २०२३ पासून आलेला एआय डिनॉइज जवळपास सगळे काम ग्राफिक्स कार्डावरच करतो आणि अंगभूत ग्राफिक्सवर तो एका छायाचित्राला कित्येक मिनिटे घेऊ शकतो.

धागाकर्ता

मी मॅक्रोसाठी फ्लॅश वापरतो आणि आयएसओ १०० किंवा २०० च्या पुढे सहसा जात नाही, त्यामुळे नॉइज काढण्याची वेळ फार कमी येते. कार्ड पुढच्या वर्षावर टाकतो. चार स्लॉटचा बोर्ड, रायझन ५ ७६००, १६ जीबीच्या दोन स्टिक आणि १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी अशी यादी आज पक्की केली. बोर्डाच्या मागे एचडीएमआय २.१ आणि डिस्प्लेपोर्ट दोन्ही आहेत आणि मॅन्युअलमध्ये पाहिले, चारही साटा पोर्ट दोन्ही एम.२ भरल्यावरही चालू राहतात.

प्रतिसाद ३

निवड उत्तम आहे. जोडताना रॅमच्या स्टिक सॉकेटपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. शेजारीशेजारी लावल्या तर दोन्ही एकाच चॅनलवर जातात आणि मेमरीचा निम्मा वेग वाया जातो. संगणक सुरू झाल्यावर बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगच्या पानात) जाऊन एक्स्पो हे रॅम छापील वेगाने चालवणारे सेटिंग चालू करा, नाहीतर खोक्यावर ६००० छापलेली रॅम ४८०० वरच चालत राहील. बायोसची नवी आवृत्ती बसवायची असेल तर ती आधी बसवा आणि एक्स्पो नंतर चालू करा, कारण आवृत्ती बदलली की सगळी सेटिंग्ज मूळ अवस्थेत जातात.

आणखी एक सूचना. पहिल्यांदा बटण दाबल्यावर पडदा काही मिनिटे काळाच राहील. डीडीआर५ रॅमशी जुळवून घ्यायला बोर्ड तेवढा वेळ घेतो. त्या काळात घाबरून वीज बंद करू नका.

धागाकर्ता

ही सूचना वाचली नसती तर मी नक्कीच वीज बंद केली असती. काल संध्याकाळी संगणक जोडला. बटण दाबल्यावर पंखे फिरू लागले, बोर्डाच्या कडेला रॅमच्या नावापुढचा पिवळा दिवा लागला आणि पडदा काळाच राहिला. घड्याळ लावून बसलो होतो. चार मिनिटे होऊन गेली तेव्हा तो दिवा विझला आणि बायोसचे पान दिसले.

एक्स्पो चालू केल्यावर टास्क मॅनेजरमध्ये ६००० हा वेग आणि ‘चारपैकी दोन’ असे स्लॉट दिसतात. जुन्या संगणकावर अडकलेला तोच ३२ छायाचित्रांचा संच पुन्हा रचायला घेतला. मेमरी १९ जीबीपर्यंत चढली, प्रोसेसर बराच वेळ ९० टक्क्यांच्या वर होता आणि डिस्क मधूनमधून थोडीशी हलत होती. व्हीआरएमचे तापमान मी मुद्दाम पाहिले. ते ६० अंशांच्या आतच राहिले. काम चालू असताना दुसऱ्या खिडकीत पुढच्या संचातली छायाचित्रे निवडत होतो आणि माउस एकदाही अडकला नाही.

प्रतिसाद ६

फार छान वाटले वाचून. पुढच्या यूएसबीची केबल लावली आहे ना, तेवढे पाहा.

धागाकर्ता

लावली आहे. कार्ड आता पुढच्याच पोर्टवरून रिकामे होते आहे.